डावी स्लाइड, उजवी स्लाइड

फरीदाबादला शांताराम दिघ्यांच्या घरी रविवारी सकाळी कोणी गेलं, की चहाच्या आधी त्याला डब्यात बघावं लागे. पाहुणा नवा असला तर दिघे स्वतः त्याला खिडकीजवळच्या टेबलाशी नेत, स्टूल सरकवून देत आणि सांगत, "चष्मा काढू नका. नाक या खाचेत टेकवा. घाई करायची नाही."

डबा त्यांनी स्वतः बनवलेला होता. सागवानी, आतून काळा रंग दिलेला, समोर दोन भिंगं, मागे दुधी काच आणि तिच्यामागे बल्ब. भिंगं आणि काच यांच्यामध्ये दोन स्लाइड शेजारीशेजारी बसत. साध्या कॅमेऱ्याची स्लाइड म्हणजे जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी. दिघ्यांची त्याच्या तिप्पट मोठी, चौकोनी, आणि रंग असे की नुसती हातात धरली तरी खिडकीच्या रंगीत काचेचा तुकडा धरल्यासारखं वाटावं.

नकाशांच्या सरकारी खात्यात त्यांची सारी नोकरी झाली. दिल्लीत आर. के. पुरमच्या ऑफिसात विमानातून घेतलेले फोटो जोडीजोडीनं भिंगांखाली ठेवायचे आणि डोंगर किती उंच, नाला किती खोल ते ठरवायचं, हे त्यांचं काम. एकाच जागेचे दोन फोटो, जरा वेगवेगळ्या ठिकाणांहून काढलेले. एक डाव्या डोळ्यानं बघायचा, एक उजव्या. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि सपाट कागदातून डोंगर वर येतो. नोकरीला लागल्यावर पहिला डोंगर असा वर आलेला पाहिला तेव्हापासून साधा फोटो त्यांना अळणी लागायला लागला.

मग त्यांनी एक जुना जपानी कॅमेरा मिळवला. खाली मान घालून वरच्या काचेत बघायचा, तो पेटीसारखा कॅमेरा. त्याच्यासाठी एक लाकडी पट्टी तयार केली. कॅमेरा पट्टीच्या डाव्या टोकाला ठेवायचा, एक फोटो काढायचा, फिल्म पुढे गुंडाळायची, कॅमेरा दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा उजवीकडे सरकवायचा, दुसरा फोटो काढायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणजे सहा जोड्या. दोन फोटोंच्या मध्ये समोरचं काहीही हलता कामा नये. हललं तर डब्यात ती जागा नुसती लुकलुकते आणि डोळे दुखतात. त्यामुळे दिघ्यांच्या स्लाइडमध्ये घुमट होते, जाळ्या होत्या, वडाची झाडं होती, आणि माणूस म्हणाल तर एकटी त्यांची बायको चंद्रप्रभा होती, कारण "हलू नकोस" म्हटल्यावर खरोखर न हलणारी तेवढीच एक ओळखीची होती.

पाहुण्याच्या तोंडून पहिला आवाज काय निघतो याकडे दिघ्यांचं लक्ष असे. बहुतेक जण "अरे" म्हणत. काही जण नुसता श्वास आत घेत. शेजारचे श्यामकांत उजगरे, ट्रॅक्टरच्या कारखान्यात फोरमन, पहिल्यांदा आले तेव्हा हुमायूनच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळीला हात लावायला गेले आणि त्यांची बोटं डब्याच्या कडेवर आपटली. त्या दिवसापासून दिघ्यांच्या लेखी उजगरे म्हणजे रसिक. उजगरेही दर रविवारी चर्चमधून परस्पर इकडेच येत, आणि बायको घरी वाट बघत असे.

नवी जोडी तयार झाली की पहिला मान मात्र चंद्रप्रभाचा. ती हात पुसत यायची, वाकायची, थोडा वेळ बघायची आणि म्हणायची, "सुरेख आलीये." लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झाली तरी हा नेम चुकला नव्हता.

तो हिवाळा संपता संपता तिला वाचताना त्रास व्हायला लागला. इतकी वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानातून चष्मा करून आणला जाई. या वेळी त्यांची मुलगी पद्मजा हट्टाला पेटली. तीही सरकारी नोकरीत, आर. के. पुरममध्येच क्वार्टर. शनिवारी ती बसनं फरीदाबादला आली आणि म्हणाली, "आई, या वेळी बिल्कुल दुकान नाही. प्रॉपर डॉक्टरकडे जायचं."

डॉक्टर तरुण होते आणि सावकाश तपासणारे होते. अक्षरं वाचून झाली, थेंब घालून झाले. मग त्यांनी चंद्रप्रभाला एक खास चष्मा घालायला दिला आणि समोर एक कार्ड धरलं. कार्डावर गोल होते. कोणता गोल वर उचलल्यासारखा दिसतो, असं त्यांनी विचारलं. चंद्रप्रभानं कार्डाकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे बघितलं.

"सगळे एक जैसे हैं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दुसरं कार्ड धरलं. तेही तसंच. मग ते कागदावर लिहीत सहज म्हणाले, "घबराने की बात नहीं है. बाईं आँख बचपन से सुस्त है. दोनों आँखें साथ काम नहीं करतीं. माताजी को इसकी आदत है, इन्हें कभी फर्क नहीं पड़ा होगा."

"अच्छा," पद्मजा म्हणाली. "मग ठीक आहे ना, आई?"

चंद्रप्रभा म्हणाली, ठीकच आहे. त्या खोलीत डॉक्टरांच्या वाक्याचा पुरता अर्थ कळणारे, डॉक्टर सोडले तर, दिघे एकटेच होते. दोन डोळे एकत्र काम करत नसतील तर डब्यात काहीच वर येत नाही. जाळी जाळीसारखी दिसते, पण तिच्यामागची पोकळी दिसत नाही.

ऑटोतून घरी येईपर्यंत त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. चहा ओतताना ती किटलीची तोटी आधी कपाच्या कडेला टेकवते आणि मगच ओतते. पद्मजा घरी असताना सुईत दोरा ओवायला तिलाच हाक मारायची. तुघलकाबादच्या किल्ल्यावर जिना उतरताना प्रत्येक पायरी आधी चपलेनं चाचपते, आणि आपण वरून म्हणायचो, लवकर ये, ऊन जातंय. उंची आणि खोली मोजणं हा आपला धंदा, आणि घरातली ही एवढी गोष्ट आपल्या लक्षात आली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. पण त्याहून जास्त त्यांना ते "सुरेख आलीये" टोचत होतं.

पद्मजा संध्याकाळच्या बसनं गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं तू डब्यात काय बघत होतीस?"

चंद्रप्रभा पोळ्या लाटत होती. "चित्र," ती म्हणाली.

"आणि उठाव?"

"तुम्ही म्हणायचात ना, बघ कसा उठाव आहे. मला वाटायचं, हाच असेल उठाव. चित्र मोठं दिसतंय, स्वच्छ दिसतंय."

"लोक ओरडायचे ते ऐकत नव्हतीस?"

"लोक दिल्लीचे. कशालाही ओरडतात." तिनं पोळी तव्यावर टाकली. "पुढे पुढे शंका यायला लागली होती. उजगरे हात लावायला गेले तेव्हा तर खूपच. पण तुम्ही इतक्या हौसेनं बोलवायचात. आणि डावा डोळा आळशी आहे हे माहीत होतं, पण त्याचा याच्याशी संबंध असेल हे मला कोण सांगणार?"

सांगणारा माणूस त्या घरात एकच होता. दिघे उठून बाहेरच्या खोलीत गेले.

पुढच्या रविवारी डबा कपाटात होता. उजगरे आले तर दिघे म्हणाले, बल्ब गेलाय. उजगऱ्यांनी चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि गेले. त्याच्या पुढच्या रविवारी ते आले ते पुण्याहून आलेल्या मेहुण्याला घेऊन, आणि खिशातून त्यांनी नवा बल्ब काढून टेबलावर ठेवला.

"आता चलो, काढा डबा," ते म्हणाले. "यांना मी स्टेशनपासून सांगत आणलंय."

दिघ्यांना बल्ब लावणं भाग पडलं. मेहुणा वाकला, "अरे" म्हणाला, आणखी स्लाइड मागितल्या. दिघे एकामागून एक जोड्या घालत होते, पण बोलत नव्हते. आवाजाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. आतल्या दारात चंद्रप्रभा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "असं किती दिवस चालणार?"

"काय?"

"हेच. तोंड पाडून बसणं. डोळा माझा आळशी आहे."

दिघ्यांनी डब्याचा बल्ब विझवला. आपल्याला नेमकं काय झालंय हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. फसवल्याचा राग नव्हता. एवढ्या वर्षांत जे जे काढलं ते पहिलं तिला दाखवलं, आणि ती नेमकी तिथं नव्हतीच, असं काहीतरी वाटत होतं.

मार्चमधल्या एका दुपारी त्यांची झोप अर्धवट मोडली. गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि स्कूटर सुरू होत नव्हती. पाणी प्यायला ते उठले तर चंद्रप्रभा बाल्कनीत वेताच्या मोड्यावर बसलेली दिसली. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डाव्या हातात एक स्लाइड आकाशाकडे धरलेली, उजव्या हातात त्यांचंच लहान भिंग, आणि ते भिंग उजव्या डोळ्याला लावून ती अगदी शांतपणे बघत होती. डावा डोळा मिटलेला होता. बघून झाल्यावर तिनं दुसरी स्लाइड घेतली, तीही तशीच धरली, आणि तिला हसू आलं.

दिघे दारातच उभे राहिले. तो डबा त्यांनी ओळखला. त्यात रद्द जोड्या होत्या. मध्येच काहीतरी हललं, कोणीतरी आडवं आलं, वाऱ्यानं फांदी झुलली म्हणून सागवानी डब्यात लुकलुकणाऱ्या, त्यांनी बाजूला टाकलेल्या. फेकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या, इतकंच.

"त्या खराब आहेत," ते म्हणाले.

चंद्रप्रभा दचकली नाही. "मला माहीत आहे. तुम्हीच लिहिलंय झाकणावर."

"मग चांगल्या सोडून याच का बघतेस?"

"चांगल्यांच्या दोन्ही सारख्याच असतात." तिनं मोडा जरा सरकवून त्यांना जागा केली. "डब्यात मला नेहमी उजवीच दिसायची. डाव्या डोळ्यापुढे नुसता उजेड. मग एकदा वाटलं, डावीत काय आहे ते तरी बघावं. तुम्ही झोपला होतात. बाहेर काढली आणि खिडकीशी धरली."

"कधी?"

"पद्मजा कॉलेजात होती तेव्हा. बघा ना ही." तिनं स्लाइड त्यांच्या हातात दिली. "ही डावी. आधी काढलेली."

दिघ्यांनी भिंग लावलं. लोदी बाग, घुमट, पिवळं गवत, समोर चंद्रप्रभा हिरव्या साडीत ताठ उभी. चेहरा शाळेच्या ग्रुप फोटोतल्यासारखा.

"आता उजवी."

तोच घुमट, तेच गवत. पण चंद्रप्रभा हसत होती. ओठ दाबून, मान न हलवता, पण पुरती हसत होती, आणि सरळ कॅमेऱ्यामागे बघत होती.

"इथं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही झालात. डावी काढली की तुम्ही खाली वाकता, जीभ बाहेर काढता आणि तो कॅमेरा पट्टीवरून सरकवता. दर वेळी. जीभ डावीकडे. मला हलायचं नसतं, मग हसू दाबायला लागतं. कधी दाबलं जातं, कधी नाही. नाही दाबलं गेलं की तुमची जोडी खराब."

दिघ्यांनी पुन्हा डावी घेतली, पुन्हा उजवी. हीच जोडी त्यांनी डब्यात घातली होती तेव्हा त्यांना घुमट उत्तम वर आलेला दिसला होता आणि मध्ये चेहऱ्याच्या जागी काहीतरी चुळबुळ करत होतं. एका डोळ्यात गंभीर बाई आणि एका डोळ्यात हसणारी, दोघी एकमेकींवर बसायला तयार नव्हत्या. त्यांनी लगेच काढून रद्दमध्ये टाकली होती. चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता.

"अजून आहेत अशा?" त्यांनी विचारलं.

"डबा भरून आहेत."

आणखी एक स्टूल आणून ते तिच्याशेजारी बसले. ऊन कलेपर्यंत दोघं आकाशाकडे स्लाइड धरत राहिले. सूरजकुंडच्या पायऱ्या: डावीत पायऱ्या रिकाम्या, उजवीत एक कुत्रा अर्धा आत आलेला. जुन्या किल्ल्याचा दरवाजा: डावीत पद्मजा दोन वेण्या घालून उभी, उजवीत नुसत्या तिच्या चपला. "ती फुगेवाल्याच्या मागे गेली होती," चंद्रप्रभा म्हणाली. "तुमच्या लक्षातच आलं नाही. तुम्ही फोटो काढून म्हणालात, शाब्बास." एका जोडीत डावीकडच्या आकाशात काहीच नव्हतं आणि उजवीत लाल पतंग होता. तो पतंग कुठून आला यावर दोघांचा थोडा वादही झाला. दिघ्यांचं म्हणणं वारा पश्चिमेचा होता. चंद्रप्रभाचं म्हणणं, तुम्ही खाली मान घालून होतात, तुम्हाला काय माहीत.

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही खराब म्हणालात म्हणून. मला वाटलं, असेल काहीतरी कमी." मग म्हणाली, "आणि जरा माझं स्वतःचं असावं असंही वाटायचं."

दुसऱ्या दिवशी दिघ्यांनी बाजारातून पांढऱ्या अॅक्रिलिकची शीट आणली आणि जुन्या ड्रॉइंग बोर्डाची चौकट करून तिच्यात दोन ट्यूबलाइट बसवल्या. उजेडाचं टेबलच झालं. आकाशाकडे हात वर धरून दंड भरून येतात, आणि संध्याकाळी तर दिसतच नाही, असं त्यांनी कारण सांगितलं. चंद्रप्रभानं त्यावर काळ्या कागदाची झापड केली, म्हणजे स्लाइड सोडून बाकीचा उजेड डोळ्यांत येणार नाही. ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती आणि त्यांनी तसं कबूल केलं.

रविवारी उजगरे आले तेव्हा खोलीत दोन ठिकाणं मांडलेली होती. खिडकीशी डबा, आणि दिवाणाजवळ उजेडाचं टेबल, त्याच्याशी चंद्रप्रभा हातात भिंग घेऊन बसलेली. उजगऱ्यांनी शिष्टाचार म्हणून आधी डब्यात बघितलं, जाळीला दाद दिली आणि मग दिवाणाकडे गेले. चंद्रप्रभानं त्यांना पद्मजाची जोडी दिली. उजगरे बराच वेळ भिंग डावीवरून उजवीवर आणि उजवीवरून डावीवर करत राहिले.

"वहिनी, मुलगी गेली कुठं?" ते म्हणाले.

तिनं फुगेवाल्याची गोष्ट सांगितली. उजगरे इतके हसले की दिघ्यांना मागे वळून बघावं लागलं. मग उजगऱ्यांनी पुढच्या जोडीला हात घातला, त्याच्या पुढच्या, आणि दुपारी त्यांच्या बायकोनं बोलावणं पाठवलं तर ते उठेनात, शेवटी तीच येऊन टेबलाशी बसली. त्या आठवड्यानंतर पाहुणे डब्यात एकदा वाकून लवकर दिवाणाकडे सरकायला लागले. दिघ्यांना हे थोडं लागलं. जोडी घालता घालता ते कान तिकडे लावून असत, आणि चंद्रप्रभा एखादी गोष्ट चुकीची सांगते आहे असं वाटलं की इकडूनच दुरुस्त करत. ती त्यांची दुरुस्ती ऐकून घेई आणि पाहुण्यांना आपलंच पुढे सांगे.

पुढच्या हिवाळ्यात पद्मजानं त्यांना सुलतानपूरच्या तळ्यावर पक्षी बघायला नेलं. दिघ्यांनी पट्टी आणि कॅमेरा घेतला होता, पण पक्षी एका जागी बसेनात. बगळा डावीत बसला तर उजवीपर्यंत उडून जाई. थोड्या वेळानं त्यांनी पट्टी काढून पिशवीत ठेवली आणि कॅमेरा चंद्रप्रभाच्या गळ्यात अडकवला.

"मला कुठं येतं?" ती म्हणाली.

"यात एकाच डोळ्यानं बघितलं तरी चालतं. फक्त उजवीकडचं डावीकडे दिसतं, त्याची सवय होईल."

"आणि खोली, उठाव?"

"असू दे," दिघे म्हणाले. "तुला हवं ते काढ."

तिनं बाराही फोटो त्या एका दुपारी संपवले. पद्मजा म्हणाली, "यार आई, रोल महाग असतो," तर दिघ्यांनीच तिला गप्प केलं. स्लाइड धुऊन यायला कनॉट प्लेसच्या लॅबनं आठवडा घेतला. पाकीट आलं तेव्हा संध्याकाळ होती. दोघांनी टेबलाचा दिवा लावला आणि कापून आणलेल्या बारा चौकोनी स्लाइड त्यावर ओळीनं मांडल्या.

पक्षी एकाच स्लाइडमध्ये होता, तोही पाठमोरा. बाकीच्यांत तळ्याकाठची गवताची पाती होती, चहाच्या टपरीवरची निळी किटली होती, पद्मजाचा पाण्याकडे बघणारा अर्धा चेहरा होता. दोन स्लाइड काळ्या आल्या होत्या, भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं असावं. आणि शेवटच्यात दिघे होते. कट्ट्यावर बसून पेरू खात होते, मिशीला मीठ लागलेलं, आणि समोरच्या कोणाला तरी हात वर करून काहीतरी समजावत होते. समोर कोणीच नव्हतं.

दिघ्यांनी भिंग लावलं आणि ते बराच वेळ काढलं नाही.

"कसा आलाय?" चंद्रप्रभानं विचारलं.

"फोकस जरा मागे गेलाय," ते म्हणाले. "कट्ट्याची वीट स्वच्छ आहे, मी नाही."

"ते राहू दे. कसा आलाय?"

दिघ्यांनी पुन्हा एकदा बघितलं. "मी कोणाशी बोलत होतो?"

"माझ्याशीच," ती म्हणाली, आणि भिंग मागून घेऊन स्वतः वाकली.